दुपारी दोनला कोण कुठं?

मोहोळवरून जाणारा हमरस्ता आम्हाला पश्चिमेच्या अंगानं तोंडपाठ आहे. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे. कॉलेजं तिकडं, नोकऱ्या तिकडं, म्हणून पोरंही तिकडं. पूर्वेला सावळेश्वरचा टोलनाका, मग सोलापूर, आणि बहुतेकांची पूर्व दिशा तिथंच संपते. रस्ता मात्र पुढं जातो. राष्ट्रीय महामार्ग ६५, जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी अजून 'नऊ नंबर', नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत हैदराबादेत शिरतो, शहर ओलांडतो आणि विजयवाड्यावरून मछलीपट्टणमला समुद्र गाठतो. हैदराबादच्या पलीकडं, विजयवाड्याच्या वाटेवर याच रस्त्याला रामोजी फिल्म सिटीचं फाटक लागतं. आमच्या गल्लीतून निघून हमरस्त्याला लागायचं आणि पावणेचारशेएक किलोमीटर हाच नंबर धरून जायचं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं निघालं, तेव्हा आठवीतल्या थोरल्यानं मोबाइलवर ही रेघ ओढून दाखवली आणि ठिकाण एका बैठकीत ठरलं.

उतरायचं कुठं, हे मात्र ठरता ठरेना.

मंडळी होतो दहा. सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरला आणि पहिलीतली धाकटी. पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची कॉलेजातली दोन मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासऱ्यांना दुपारी जेवल्यावर आडवं व्हायला लागतं. तो नेम शेतात असोत की लग्नात, मोडत नाही. धाकटी तीन वाजता झोपली नाही तर पाचला रडते. पुतण्यांना मात्र सकाळी सोडलं की रात्रीच दिसतील अशी पायांना भिंगरी.

पहिला पर्याय हैदराबाद शहरातला. लकडी का पूल, नामपल्ली, आबिड्स या भागांत सोलापूरकडची माणसं वर्षानुवर्षं उतरत आली आहेत. तिथं उतरायचं, सकाळी गाडीनं फिल्म सिटीला जायचं, रात्री परत. वर चारमिनार, सालारजंग हाताशी. पण तिथून फिल्म सिटी तीसेक किलोमीटर, तेही भर शहरातून. दुसरा पर्याय हमरस्त्यावरच्या लॉजचा: स्वस्त, फाटकापासून जवळ. तिसरा, फिल्म सिटीच्या आवारातच राहायचं. आणि तिसरा म्हटला की आणखी फाटे फुटतात, कारण आवारात हॉटेल एक नाही. सितारा हे वरच्या दर्जाचं, पंचतारांकित. तारा मधलं, तीन तारांकित. शांतिनिकेतन किफायतशीर. वसुंधरा व्हिला फार्महाऊसच्या धाटणीचं. शाळांच्या सहली आणि मोठे गट यांच्यासाठी सहारा, तिथं सामूहिक निवास.

एका आवारात इतके दर्जे कशाला, असं मला आधी वाटलं होतं. उत्तर त्या जागेच्या मूळ धंद्यात आहे. 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक काढणाऱ्या रामोजी रावांनी ही नगरी १९९६ मध्ये उभी केली ती चित्रपटवाल्यांसाठी. निर्मात्यानं संहिता घेऊन आत यावं आणि पुरा झालेला चित्रपट घेऊन बाहेर पडावं, अशी ती योजना. चित्रपटाचं युनिट आलं की नट-नट्या येतात, दिग्दर्शक आणि कॅमेरामन येतात, लाइटमन येतात, स्पॉटबॉयही येतात. सगळ्यांना जवळ ठेवायचं, पण एकाच भाड्यात ठेवता येत नाही. पर्यटक आले तेव्हा त्यांनाही हीच उतरंड मिळाली.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या एक सहकारी आहेत, पद्मशाली. निम्मं गोत हैदराबादेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हातारी माणसं आणि लेकरू सोबत आहे ना? मग आत राहा. कुठल्या हॉटेलात ते नंतर बघा, पण आत राहा." कारण त्यांनी सांगितलं नाही. कारण सांगितलं सासूबाईंनी, आणि तेही पंढरपूरवरून. मोहोळ ते पंढरपूर चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे आम्ही तिथं मुक्काम करत नाही, जाऊन येतो. पण कार्तिकीला त्या एकदा बहिणीकडं, प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या वाड्यात राहिल्या होत्या. दर्शनबारीत पाय भरून आले की घरातलं दुसरं माणूस रांगेत उभं राहायचं आणि या येऊन टेकायच्या. "मुक्काम कळसाच्या सावलीत असावा," त्या म्हणाल्या, "न्हाईतर सरळ घरी यावं. मधला मुक्काम काय कामाचा न्हाई."

हॉटेलवाल्यांच्या धंद्यातली फार मोठी माणसं याच निष्कर्षाला पैसे घालवून आली आहेत. वॉल्ट डिस्नेनं १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा उद्यान बांधण्यातच त्याचा खिसा रिकामा झाला होता. शेजारचं हॉटेल बांधायला त्यानं जॅक रॅथर नावाच्या दूरचित्रवाणी निर्मात्याला गळ घातली. ते हॉटेल चाललं, भोवती दुसऱ्यांच्या मोटेलांच्या रांगा उठल्या आणि पाहुण्यांचा रात्रीचा पैसा डिस्नेच्या कुंपणाबाहेर जाऊ लागला. ते रॅथरचं हॉटेल डिस्ने कंपनीच्या हाती यायला १९८८ उजाडलं. मधल्या काळात फ्लोरिडात त्यांनी आधी सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली, आणि १९७१ मध्ये तिथलं उद्यान उघडलं त्याच दिवशी आवारातली दोन हॉटेलंही उघडली. त्यातल्या एकाच्या पोटातून उद्यानाकडं जाणारी मोनोरेल धावते. त्यानंतर आवारातलं हॉटेल ही साऱ्या जगात थीम पार्कची निम्मी कमाई झाली नसेल, पण निम्मी ओळख नक्की झाली.

आपल्याकडं ही सवय उशिरा लागली. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्रभरच्या शाळांच्या सहली तिथं जायच्या त्या बोटीनं खाडी ओलांडून, आणि संध्याकाळी परत फिरायच्या. मुंबईत कुणाच्या तरी नात्यातल्याकडं उतरणं हीच मुक्कामाची सोय. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं आणि दोनच वर्षांनी त्याच्या दारात नोव्होटेल उभं राहिलं. पण तिथं आवारात हॉटेल एकच. निवड करावी लागते ती रामोजीला.

आमच्या घरातली निवड ह्यांनी वहीत मांडली. हे पतसंस्थेत आहेत, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय त्यांना विचार सुचत नाही. त्यातून एक गोष्ट चांगली निघाली. शहरातल्या हॉटेलचं भाडं आणि फिल्म सिटीतल्या हॉटेलचं भाडं शेजारी लिहून तुलना करणं चुकीचं, हे पहिल्या पानावरच कळलं. आवारातल्या मुक्कामाची पॅकेजं असतात. खोलीच्या जोडीला उद्यानाचा प्रवेश धरलेला असतो, न्याहारी आणि पॅकेजनुसार जेवणही असतं. शहरातल्या भाड्यात दहा माणसांची तिकिटं मिळवा, दोन्ही वेळची गाडी मिळवा, बाहेरचं जेवण मिळवा, मग समोर ठेवा. असं केल्यावर शहरातलं हॉटेल आणि आतलं मधलं हॉटेल यांच्यातली दरी निम्म्यानं बुजली. हमरस्त्यावरचा लॉज तरीही स्वस्तच पडत होता. पण फाटक म्हणजे उद्यान नव्हे. १,६६६ एकरांच्या त्या पसाऱ्यात फाटकापासून मुख्य चौकापर्यंतही बसनं जावं लागतं. लॉजवरून दुपारी परत यायचं म्हणजे आधी आतली बस, मग वाहनतळ, मग गाडी. कोण करणार?

१,६६६ एकर ऐकून सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्यासारख्या किती घरांची शिवारं बसतील त्यात. आणि ऊस किती?" जगातलं सर्वांत मोठं चित्रनगरी संकुल म्हणून गिनेस बुकात ज्याची नोंद आहे, त्याचं माप मोहोळ तालुक्यात असंच निघणार.

शेवटी एकमत झालं नाही, आणि तेच बरं झालं. आम्ही सहाजण ताऱ्यात, दीर-जाऊ आणि त्यांची मुलं शांतिनिकेतनमध्ये. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं: "झोपायलाच तर जायचंय. झोपेत तारे कोण मोजतो?" सिताऱ्याची छायाचित्रं जाऊबाई आणि थोरला यांनी आळीपाळीनं पाहून ठेवून दिली.

पहाटे निघालो. सोलापूर मागं पडलं की नळदुर्गचा किल्ला येतो. बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात आमच्याकडून गाड्या भरून जातात. सासरे सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या तरुणपणी सोलापूर इंग्रजांचं आणि नळदुर्ग निजामाचं. १९५६ पर्यंत नळदुर्गपासून हैदराबादपर्यंत एकच राज्य होतं. आज त्याच पट्ट्यात आपण महाराष्ट्रातून कर्नाटकात आणि कर्नाटकातून तेलंगणात जातो. उमरगा सोडलं की पाट्या कन्नड होतात, बसवकल्याणचा फाटा लागतो, हुमनाबाद येतं. झहीराबादला ट्रॅक्टरचा कारखाना दिसला आणि पाट्या तेलुगू झाल्या. ऊस मात्र तिन्ही राज्यांत सारखाच उभा होता. सासऱ्यांनी खिडकीतून प्रत्येक फडाला मार्क दिले. हैदराबादच्या अलीकडं आम्ही बाह्यवळण धरलं. १५८ किलोमीटरचा हा आठपदरी वळसा शहराला हात न लावता पलीकडं पेद्दा अंबरपेटला पुन्हा आपल्याच ६५ नंबरावर आणून सोडतो. दुपार व्हायच्या आत फाटक.

पहिला दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला होता. अशा ठिकाणी खोलीचा ताबा दुपारी मिळतो आणि उद्यान सकाळी सुरू होतं. ज्या दिवशी पोहोचायचं त्याच दिवशी सगळं पाहायचं म्हटलं, तर खोलीचं भाडं द्यायचं आणि सामान गाडीत ठेवून उन्हात फिरायचं, असा उलटा व्यवहार होतो. आम्ही जेवलो, झोपलो, संध्याकाळी बागेतून फिरलो. धाकटीनं गादीवर उड्या मारल्या. रात्री सासूबाईंनी घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर काढली. थीम पार्कच्या दारावर बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, पण आपल्या खोलीत आपली भाकरी कुणाला विचारून खायची नसते. भाऊजी शांतिनिकेतनहून केवळ चटणीसाठी आले.

दुसरा दिवस उद्यानाचा. तिथं सकाळी मुख्य चौकात, म्हणजे युरेकाला, उद्घाटनाचा सोहळा होतो, नाचगाणी होतात आणि मग लाल, उघड्या बाजूंच्या बसमधून पर्यटकांना सेट दाखवायला नेतात. शहरातून निघालेल्या गाड्या अजून वाटेत होत्या, त्यामुळे पहिल्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बसमधला मार्गदर्शक हिंदीत सांगत होता आणि मुलं माना वळवून पाहत होती. एकाच इमारतीच्या चार बाजू चार वेगळ्या इमारतींच्या: इकडून दवाखाना, तिकडून ग्रंथालय. विमान नसलेला विमानतळ. गाडी न येणारं रेल्वे स्टेशन. थोरला ओरडला, "आई, मागं काहीच नाही!" बाहुबलीच्या सेटवर तो आणि त्याचे चुलतभाऊ इतके रमले की जाऊबाईंनी फोटो काढायचं सोडून दिलं. भागवताच्या सेटवर सासूबाई थबकल्या. देव प्लास्टरचे, मंदिर प्लायवूडचं हे त्यांना दिसत होतं. तरी चपला काढल्या आणि हात जोडले. मागून येणाऱ्या दोन-चार बायांनीही काढल्या.

बाराच्या सुमारास ऊन चढलं. दख्खनच्या पठारावरचं ते ऊन दिवाळीतही अंगावर येतं. आम्हा सोलापूरकरांना त्याची ओळख असते, म्हणून त्याची भीतीही असते. जेवण झालं आणि सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. धाकटी ह्यांच्या खांद्यावर लोंबकळत होती. सासू-सासरे, धाकटी आणि मी हॉटेलच्या गाडीनं ताऱ्यात परत आलो. पडदे ओढले, पंख्याखाली सगळे आडवे झाले. मीही पाय पसरून पडले. लग्न झाल्यापासून मला सहलीत दुपारची झोप मिळाल्याचं आठवत नाही.

पाच वाजता चहा घेऊन आम्ही परत युरेकाला गेलो तेव्हा दोन प्रकारचे लोक दिसत होते. एक आमच्यासारखे, तोंड धुऊन, केस विंचरून, पुन्हा सकाळ झाल्यासारखे. दुसरे सकाळपासून तिथंच असलेले. पायऱ्यांवर, झाडांच्या कट्ट्यांवर, पिशव्या उशाला घेऊन. लेकरं आजीच्या मांडीवर, आज्या खांबाला टेकून. त्यांचं तिकीट आमच्याच तिकिटाइतकं, त्यांनी पाहिलेले खेळही आमच्याहून जास्तच. पण संध्याकाळच्या रोषणाईत ती माणसं घड्याळ पाहत होती. अजून गाडी गाठायची होती आणि पुढं शहरातला प्रवास होता.

दीर-जाऊ आणि मुलं मात्र दिवसभर कुठंही टेकली नव्हती. वाइल्ड वेस्टचा स्टंट शो, चित्रपट कसा घडतो ते दाखवणारा मूव्ही मॅजिक, भुतांचा बोरासुरा, मुलांसाठीचं फंडुस्तान, पक्षी उद्यान, फुलपाखरं. त्यांनी खोलीचं कुलूप सकाळी लावलं ते रात्रीच उघडलं. शांतिनिकेतनची खोली स्वच्छ होती, पलंग होता, गरम पाणी होतं. रात्री अंग टाकणाऱ्याला आणखी काय लागतं? त्यांनी ताऱ्याचे पैसे भरले असते तर बंद खोलीचे भरले असते. आणि आम्ही शांतिनिकेतन घेतलं असतं तर सासूबाईंनी चालवून घेतलं असतं, पण चालवून घ्यायला त्या घरीही असतातच.

परतीच्या वाटेवर ह्यांनी वही पुन्हा काढली आणि हिशोब दुसऱ्या रीतीनं मांडला. भाडं माणसांनी न भागता, दिवसा खोलीत घालवलेल्या तासांनी भागायचं. रात्रीच्या झोपेचे तास सोडून द्यायचे, कारण अंधारात सगळ्या खोल्या सारख्या. या हिशोबानं आमचा तारा भाऊजींच्या शांतिनिकेतनपेक्षा स्वस्त पडला. भाऊजींनी तो हिशोब फोनवर ऐकला आणि सांगितलं की त्यांच्या रीतीनं, म्हणजे रात्रीच्या झोपेमागं किती पैसे, असं पाहिलं तर शांतिनिकेतन स्वस्त. दोघंही खरं बोलतात. दोघांची दुपार वेगळी आहे, एवढंच.

मला त्यातून जो नियम मिळाला तो सोपा आहे. आवारातल्या हॉटेलात आपण खाट विकत घेत नाही. खाट मोहोळातही आहे. आपण दुपार विकत घेतो, थोडी सकाळ आणि थोडी संध्याकाळ. ज्या घरात दुपारी परतणारं कुणी नाही, त्यांनी सर्वांत साधी खोली घ्यावी आणि उरलेले पैसे खेळांवर, खाण्यावर घालवावेत. तरुण मंडळींचा मोठा घोळका असेल तर सामूहिक निवासही पुरतो. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं, लहान लेकरं किंवा आजारातून उठलेलं कुणी आहे, त्यांनी एक पायरी वरची खोली घ्यावी आणि ठरवण्याआधी फोन करून विचारावं: हॉटेलपासून उद्यानापर्यंत गाडी कितीदा सुटते, दुपारी मध्येच परत आणते का, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, लेकरासाठी जादा गादी मिळते का, आणि पॅकेजमधला प्रवेश कोणत्या दिवसाचा धरला आहे. सर्वांत वरचं हॉटेल कुणासाठी? ज्यांना हॉटेल हीच सहल वाटते त्यांच्यासाठी. त्यात वावगं काही नाही, पण मग उद्यानाचं तिकीट वाया जातं.

गल्लीतल्या बायका सासूबाईंना विचारत होत्या, काय काय बघितलं. त्यांनी बाहुबलीचा सेट दोन वाक्यांत उरकला, भागवताचा चार वाक्यांत, आणि मग ताऱ्यातली दुपारची झोप सविस्तर सांगितली. समोरच्या घरातल्या वहिनींचा नाताळाच्या सुट्टीत जायचा बेत आहे. त्यांनी मला विचारलं, कुठलं हॉटेल घेऊ? मी त्यांनाच विचारलं, "दुपारी दोनला तुमच्यातलं कोण कुठं असेल?" वहिनी बोटांवर मोजायला लागल्या. सासू, चार महिन्यांचा नातू, त्याची आई. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी पण खोलीतच की." त्यांचं हॉटेल तिथंच ठरलं.